अनुच्छेद १९ कुठे गेला? आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे काम वाचू लागणाऱ्यांसाठी

पदव्युत्तर वर्गात आंतरराष्ट्रीय कायदा घेतलेले, किंवा मूट कोर्टाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यांच्या, निमित्ताने या विषयाकडे ओढले गेलेले विद्यार्थी अधूनमधून मला विचारतात, की आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याचे मसुदे तयार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या, कामाचा अभ्यास कुठून सुरू करावा. हे टिपण त्यांच्यासाठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा अनुच्छेद १३ आमसभेवर कोणते काम सोपवतो, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील अनुच्छेद ३८ मध्ये काय आहे, प्रथाजन्य कायदा सिद्ध करायला राष्ट्रांचा व्यवहार आणि तो कायद्याने बंधनकारक आहे ही त्यांची धारणा अशी दोन्ही का लागतात, एवढे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते. ते ठाऊक नसेल, तर आधी एखादे साधे पाठ्यपुस्तक वाचून काढावे. त्यात कमीपणा काहीच नाही. मी स्वतः या विषयात अजून स्थिरस्थावर झालेली नाही, हेही आधीच सांगून टाकते. एखाद्या मसुद्यातला अनुच्छेद उद्धृत करण्यापूर्वी आजही माझ्या पोटात क्षणभर गोळा येतो, आणि त्याचे कारण खाली दिले आहे.

माझा एलएल.एम.चा प्रबंध राज्यांच्या, म्हणजे सार्वभौम देशांच्या, आंतरराष्ट्रीय जबाबदारीवर होता. त्यातील तिसरे प्रकरण, चांगले अडतीस पानांचे, मी ‘राज्याचा आंतरराष्ट्रीय गुन्हा’ या कल्पनेवर उभे केले होते, आणि त्या प्रकरणाचा सगळा भार आयोगाच्या मसुद्यातील अनुच्छेद १९ वर होता. एखादे राज्य दुसऱ्यावर आक्रमण करते, बळाने वसाहत टिकवून धरते, वंशसंहार किंवा वर्णद्वेष चालवते, तेव्हा तो साधा करारभंग नसून गुन्हा ठरतो, असे तो अनुच्छेद सांगत होता. मला तो फार आवडला होता. ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात तो सापडला, वरच्या वर्गातल्या मुलींच्या नोट्समध्ये तो पुन्हा भेटला, आणि दोन ठिकाणी एकच गोष्ट आढळल्यामुळे ती खरीच असणार अशी माझी खात्री पटली.

मार्गदर्शक सरांनी ते प्रकरण वाचले, त्यावर काही न बोलता संगणकावर २००१ सालचा मजकूर उघडला आणि म्हणाले, “एकोणिसावा मोठ्याने वाच पाहू.”

मी वाचू लागले. त्यात गुन्हा हा शब्दसुद्धा नव्हता. एक राज्य दुसऱ्या राज्याला गैरकृत्यात साहाय्य करते, त्याला निर्देश देते किंवा त्याच्यावर बळजबरी करते, तेव्हाच्या जबाबदारीविषयीचे जे प्रकरण आहे, त्याच्या शेवटी येणारे एक कोरडे वाक्य तिथे होते: या प्रकरणातील तरतुदींमुळे, प्रत्यक्ष कृत्य करणाऱ्या किंवा इतर कोणत्याही राज्याची अन्य अनुच्छेदांखाली येणारी जबाबदारी बाधित होत नाही. मी ते दोनदा वाचले.

“मग? गुन्हा कुठाय?” सरांनी विचारले. प्रबंध सादर करायला तेव्हा सतरा दिवस उरले होते.

हा सापळा मी आता जरा विस्ताराने सांगणार आहे. ज्यांना हे आधीच ठाऊक असेल त्यांनी पुढचे तीन-चार परिच्छेद ओलांडून जावेत; तरी माझा सल्ला असा, की ओलांडू नयेत.

राज्यांची जबाबदारी हा विषय १९४९ साली, आयोगाच्या पहिल्याच अधिवेशनात निवडलेल्या चौदा विषयांच्या यादीत होता. क्युबाचे गार्सिया अमादोर हे त्याचे पहिले विशेष प्रतिवेदक, म्हणजे त्या विषयावर अहवाल आणि प्रस्ताव मांडण्यासाठी नेमलेले सदस्य. त्यांचा भर परदेशी नागरिकांच्या जीविताला आणि मालमत्तेला होणाऱ्या हानीवर होता, आणि त्या वाटेने काम फारसे पुढे सरकले नाही. त्यानंतर इटलीच्या रोबेर्तो आगो यांनी विषयाची मांडणीच बदलली: कोणते नियम पाळायचे याची यादी न करता, कोणताही नियम मोडला की पुढे काय होते, तेवढेच सांगायचे असे ठरले. अनुच्छेद १९ त्यांच्या काळात, १९७६ साली, तात्पुरता स्वीकारला गेला. नंतर नेदरलँड्सचे रिफाखेन आले, त्यांच्यामागून इटलीचे अरांजिओ-रुईझ आले, आणि १९९६ मध्ये संपूर्ण मसुद्याचे पहिले वाचन पुरे झाले. पहिले वाचन म्हणजे आयोगाने राष्ट्रांना “आम्हांला असे दिसते, तुमचे काय म्हणणे आहे?” असे विचारणे. राष्ट्रांनी आपले म्हणणे कळवले, आणि राज्यालाच गुन्हेगार ठरवण्याच्या कल्पनेवर अनेकांनी कडाडून आक्षेप घेतले. १९९७ पासून ऑस्ट्रेलियाचे जेम्स क्रॉफर्ड प्रतिवेदक होते. त्यांच्या हाताखाली दुसरे वाचन झाले आणि २००१ साली अंतिम मजकूर आला तेव्हा ‘गुन्हा’ हा शब्द गेलेला होता. त्याच्या जागी अनुच्छेद ४० आणि ४१ आले, ज्यांत सर्वोच्च, अनुल्लंघनीय मानलेल्या नियमांच्या गंभीर भंगाचे परिणाम सांगितले आहेत, दंडाची भाषा मात्र नाही. पहिल्या वाचनातल्या मसुद्यात ६० अनुच्छेद होते आणि अंतिम मजकुरात ५९ आहेत, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. आतले आकडे मात्र पार विस्कटून गेले आहेत.

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढेल, की पहिल्या वाचनाचे सगळे रद्दीत घालावे. तोही चुकेल. त्याच मसुद्यात अनुच्छेद ३३ होता, निकडीच्या अवस्थेविषयीचा, म्हणजे स्वतःच्या मूलभूत हितावर आलेले गंभीर आणि नजीकचे संकट टाळण्यासाठी दुसरा मार्गच नसेल तर राज्याच्या कृत्याचे गैरपण टळू शकते का, याविषयीचा. डॅन्यूब नदीवरील धरणांच्या प्रकल्पावरून हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांच्यात झालेल्या गाब्चिकोवो-नागीमारोश खटल्यात, १९९७ च्या निकालात, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हाच अनुच्छेद ३३ हाताशी धरला आणि त्यातील अटी प्रथाजन्य कायद्याच्या निदर्शक आहेत असे म्हटले. दोन्ही पक्ष त्या निकषांवर सहमत होते, हेही न्यायालयाने नोंदवले आहे. तो अनुच्छेद पुढे थोड्या बदललेल्या शब्दांत जगला, फक्त २००१ मध्ये त्याचा क्रमांक २५ झाला. एकाच मसुद्यातले, एकाच प्रतिवेदकाच्या काळात आकाराला आलेले, एकाच पायरीवर उभे असलेले हे दोन अनुच्छेद. त्यांतला एक न्यायालयाने उचलून धरला आणि दुसरा राष्ट्रांनी पाडला.

म्हणून ‘आयोगाने म्हटले आहे’ हे तीन शब्द लिहिण्याआधी थांबावे लागते. मला ते तीन शब्द अडतीस पानांना पडले. त्यानंतर मी एक साधी दोनशे पानी वही घातली आणि तिच्यात पाच उभे रकाने आखले: वर्ष, पायरी, म्हणजे प्रतिवेदकाचा प्रस्ताव, पहिले वाचन की दुसरे, त्या वेळचा क्रमांक आणि आजचा क्रमांक, अनुच्छेदासोबत आयोग जे स्पष्टीकरण देतो त्या भाष्यात आधारासाठी काय दिले आहे, आणि राष्ट्रांनी काय म्हटले. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि तोच सर्वांत कामाचा. गंमत अशी, की २०१८ साली आयोगाने प्रथाजन्य कायदा कसा ओळखावा याविषयीचे १६ निष्कर्ष स्वीकारले, ब्रिटनचे मायकेल वुड त्यांचे प्रतिवेदक होते, आणि त्या भाष्यात आयोगाने स्वतःच्या कामाविषयीही लिहून ठेवले आहे. आयोगाच्या निर्णयांकडे विशेष लक्ष द्यावे, पण त्यांचे वजन त्यांनी घेतलेल्या आधारांवर, काम कोणत्या पायरीला पोहोचले आहे त्यावर, आणि सर्वांत जास्त म्हणजे राष्ट्रांनी त्याचे कसे स्वागत केले त्यावर अवलंबून राहते, असा त्याचा आशय आहे. ते वाचले तेव्हा माझ्या वहीतले रकाने मला छापील दिसले. राग आला तो एवढ्याचाच, की हे मला कोणी आधी का सांगितले नाही.

याच सापळ्याचे एक धाकटे भावंड आहे. विशेष प्रतिवेदकाचा अहवाल म्हणजे आयोगाचे मत नव्हे. प्रतिवेदक एक सदस्य असतो, तो प्रस्ताव मांडतो, त्यावर पूर्ण सभेत चर्चा होते, मग मजकूर मसुदा समितीकडे जातो आणि तिथून बहुधा निराळाच होऊन परततो. मसुदा समितीतल्या चर्चेचे इतिवृत्त ठेवले जात नाही. तिथे काय घडले ते समितीचे अध्यक्ष पूर्ण सभेत जे निवेदन करतात त्यावरूनच समजते. त्यामुळे ते निवेदन शोधून वाचण्याची सवय लावून घ्यावी. आयोग शक्यतो एकमताने पुढे जातो, पण नेहमीच नाही. राज्याच्या अधिकाऱ्यांना परकीय फौजदारी न्यायालयांपासून मिळणाऱ्या संरक्षणाच्या विषयात, कोणत्या गुन्ह्यांना ते संरक्षण लागू होऊ नये हे सांगणारा मसुदा अनुच्छेद ७ आयोगाने २०१७ साली चक्क मतदानाने स्वीकारला: २१ बाजूने, ८ विरुद्ध, एक तटस्थ. विरुद्ध मत देणाऱ्यांत भारताचे अनिरुद्ध राजपूतही होते. तो अनुच्छेद कोणी ‘आयोगाचे मत’ म्हणून तळटिपेत टाकत असेल आणि मतांचा आकडा लपवत असेल, तर समोरचा वकील तो आकडा काढून दाखवणारच, आणि त्याने तो दाखवावाच.

आता संहिताकरण आणि प्रगतिशील विकास यांतील फरकाविषयी. आयोगाच्या संविधीचा अनुच्छेद १५ ही दोन कामे वेगळी सांगतो: ज्या क्षेत्रात राष्ट्रांचा व्यवहार, पूर्वनिर्णय आणि विद्वानांचे लेखन आधीच विपुल आहे तेथील नियम नेमक्या शब्दांत आणि नीट रचून मांडणे हे संहिताकरण, आणि जिथे नियम नाहीत किंवा व्यवहार पुरेसा पिकलेला नाही तिथे मसुदा तयार करणे हा प्रगतिशील विकास. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर लिहून झाले की विद्यार्थी समजतात, की प्रत्येक मसुद्यावर यांपैकी एक शिक्का मारलेला असेल. तसा शिक्का सहसा नसतो. एकाच मजकुरात, कधी एकाच अनुच्छेदात, दोन्ही मिसळलेले असतात, आणि ते वेगळे करण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते. कधी आयोग स्वतः इशारा देतो. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या जबाबदारीविषयीचे २०११ चे अनुच्छेद घ्या. व्यवहार थोडा असल्यामुळे त्यांतल्या अनेक तरतुदी प्रगतिशील विकासाकडे झुकतात, हे सर्वसाधारण भाष्यातच सांगून टाकले आहे. २००१ च्या मजकुरातील अनुच्छेद ५४ वाचून पाहा: ज्याचे स्वतःचे थेट नुकसान झालेले नाही अशा राज्याला प्रत्युपाय, म्हणजे दोषी राज्याला वठणीवर आणण्यासाठी एरवी नियमबाह्य ठरणारी पावले, योजता येतील का, या प्रश्नावर आयोगाने हो किंवा नाही न म्हणता दार नुसते लोटून ठेवले, आणि तसे का केले ते भाष्यात लिहिले. भाष्य न वाचता फक्त अनुच्छेद वाचणे म्हणजे औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचून डोस ठरवण्यासारखे आहे. हे मी कठोरपणे म्हणते आहे, कारण मूट कोर्टाच्या मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, हे सर्रास चालते आणि त्याला बक्षिसेही मिळतात.

मजकूर कोणत्या रूपात संपला यावरूनही फसू नये. २००१ चे जबाबदारीचे अनुच्छेद आजही करार नाहीत. आमसभेने १२ डिसेंबर २००१ च्या ५६/८३ या ठरावात त्यांची नोंद घेतली, ते राष्ट्रांच्या लक्षात आणून दिले आणि त्यांच्या भवितव्याचा प्रश्न खुला ठेवला. तरीही बोस्निया विरुद्ध सर्बिया या खटल्याच्या २००७ च्या निकालात न्यायालयाने त्यांचा आधार घेतला, आणि साहाय्याविषयीचा अनुच्छेद १६ प्रथाजन्य नियम दर्शवतो असे म्हटले. उलट आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांचा करार १९९७ मध्ये रीतसर मंजूर झाला, भारत त्या मतदानात तटस्थ राहिला, आणि तो करार अंमलात यायला २०१४ साल उजाडले. कराराच्या कायद्याविषयीचा १९६९ चा व्हिएन्ना करार हा तर आयोगाच्या सर्वांत यशस्वी कामांपैकी एक, ब्रायर्ली, लाउटरपाख्ट, फिट्झमॉरिस आणि वॉल्डॉक अशा चार ब्रिटिश प्रतिवेदकांच्या हातून गेलेला. भारत त्याचा पक्षकार नाही. तरी राम जेठमलानी खटल्यात २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने करारांच्या अर्थनिर्णयासाठी त्यातील अनुच्छेद ३१ चे तत्त्व प्रथाजन्य म्हणून मार्गदर्शक मानले. ‘भारताने मान्य केलेल्या व्हिएन्ना करारानुसार’ असे वाक्य मी किमान दहा जणांच्या लिखाणात वाचले आहे. तसे लिहू नका.

एवढे सगळे वाचून कोणाला वाटेल, की हा उद्योग जिनिव्हाच्या एका सभागृहात बसलेल्या ३४ तज्ज्ञांनी एकमेकांसाठी चालवला आहे. मलाही काही काळ असे वाटत होते. ते वाटणे थांबले ते १७ जुलै २०१९ रोजी, कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल आला तेव्हा. आपल्याकडे त्या दिवशी भारताचे वकील हरीश साळवे यांनी घेतलेल्या एक रुपया मानधनाची चर्चा जास्त झाली, पण निकाल उभा होता तो वाणिज्यदूतीय संबंधांवरील १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ३६ वर, म्हणजे अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वाणिज्यदूताशी संपर्क मिळण्याच्या हक्कावर, आणि त्या कराराचा मसुदा आयोगाने चेकोस्लोव्हाकियाच्या यारोस्लाव झुरेक यांच्या प्रतिवेदनाखाली तयार केलेला होता. पाकिस्तानचे म्हणणे होते, की हेरगिरीचा आरोप असलेल्या माणसाला हा अनुच्छेद लागूच होत नाही. न्यायालयाने आधी कराराचा मजकूर पाहिला, त्यात असा अपवाद नाही असे म्हटले, आणि पुढे जाऊन १९६० साली आयोगात झालेल्या चर्चेकडेही पाहिले. त्या चर्चेतूनही हेरांना वगळल्याचे निघत नव्हते. अनुच्छेद ३६ चा भंग झाल्याचा निर्णय १५ विरुद्ध १ मतांनी झाला.

त्या संध्याकाळी मी आयोगाच्या वार्षिक ग्रंथाचा १९६० चा पहिला खंड उघडून बसले. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात सभांची संक्षिप्त इतिवृत्ते असतात आणि दुसऱ्यात अहवाल व कागदपत्रे, हे एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी शोधाशोध वाचते. अटक झालेल्या परदेशी माणसाची खबर त्याच्या दूताला किती लवकर द्यावी यावर सदस्य घासाघीस करत होते, कोणी एक शब्द घालत होता, कोणी तो काढा म्हणत होता. एकोणसाठ वर्षांनी त्या कागदांना महाराष्ट्रातल्या एका माणसाच्या जिवासाठी झालेल्या खटल्यात वजन आले. तुम्ही आज कंटाळून जे इतिवृत्त अर्ध्यावर सोडता आहात, ते असे असते.

पुढे मला एका सदस्याचे साहाय्यक म्हणून एका अधिवेशनाचे काही आठवडे जिनिव्हाला जाता आले. साहाय्यकाला मोबदला मिळेलच असे नाही, मला नव्हता. राहणे महाग असते, आणि मी रोज डब्यात मेतकूट-भात नेत होते, याची मला तेव्हा उगाच लाज वाटायची. खुद्द सदस्यांचे मानधनही आमसभेने २००२ साली वर्षाला एक डॉलरवर आणून ठेवले, हे कळल्यावर ती लाज बरीच कमी झाली. अर्थात प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. ज्या देशांतल्या विद्यापीठांकडे संशोधन-साहाय्यक आणि पैसा आहे तिथलाच सदस्य प्रतिवेदकाचे काम सहज पेलू शकतो, आणि कोणाच्या व्यवहाराला ‘राष्ट्रांचा व्यवहार’ म्हणून भाष्यात जागा मिळते यावरही त्याचा परिणाम होतो. आपल्याकडच्या पेम्मराजू श्रीनिवास राव यांनी सीमापार हानीच्या प्रतिबंधाचे २००१ चे अनुच्छेद आणि २००६ ची नुकसानभाराच्या वाटणीची तत्त्वे प्रतिवेदक म्हणून तडीस नेली, ती या पार्श्वभूमीवर वाचावीत.

त्या मुक्कामात मला सर्वांत जास्त शिकवले ते शेवटच्या आठवड्यांनी. आयोगाचा वार्षिक अहवाल तेव्हा परिच्छेदा-परिच्छेदाने स्वीकारला जातो. अध्यक्ष आकडा उच्चारतात, क्षणभर थांबतात, “स्वीकृत” म्हणतात आणि पुढच्या आकड्यावर जातात. मध्येच बोलायची परवानगी मागणारा एखादा नावाचा फलक उभा राहतो, एखादा सदस्य म्हणतो की या भाष्यातले ‘स्पष्टपणे’ हे क्रियाविशेषण काढावे, कारण तळटिपेत दिलेली तीन उदाहरणे एवढे स्पष्ट काही दाखवत नाहीत. मग दहा-पंधरा मिनिटे त्या एका शब्दावर जातात. मी वहीत आधी लिहिले होते, ‘वेळेचा अपव्यय’. दुसऱ्या दिवशी ते खोडले. तो शब्द राहिला असता, तर दहा वर्षांनी माझ्यासारखी एखादी विद्यार्थिनी ‘आयोगाच्या मते हे स्पष्ट आहे’ असे लिहून मोकळी झाली असती.

मार्गदर्शकांविषयी माझी मते एकांगी आहेत, ती तशीच मांडते. ‘आयोगाचा हवाला टाक, चालून जाते’ असे सांगणारा मार्गदर्शक कितीही मोठ्या नावाचा असला तरी त्याच्यापासून लांब राहावे. चालून जाते हे खरे आहे, आणि तेच वाईट आहे. ‘दस्तऐवजाचा क्रमांक दाखव’ म्हणणारा मार्गदर्शक त्या दिवशी नकोसा वाटतो, पण त्याला सोडू नये. माझ्या सरांनी त्या सतरा दिवसांत मला एक ओळही लिहून दिली नाही. प्रकरण फेकून देण्याऐवजी त्याचा प्रश्नच बदल, एवढेच ते म्हणाले. ‘राज्याचा गुन्हा ही संकल्पना’ हा मथळा जाऊन ‘ती का पडली’ असा झाला, आणि तीच अडतीस पाने, निम्मी खोडून आणि निम्मी पुन्हा लिहून, प्रबंधातले त्यातल्या त्यात बरे प्रकरण ठरली. म्हणजे चूक पकडली गेली तर सगळे बुडतेच असे नाही. ती पकडली गेली नसती तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही टाळते.

नोट्सच्या बाबतीत मात्र मला दयामाया नाही. दुसऱ्याने काढलेल्या नोट्समध्ये आकडा असतो आणि साल नसते, आणि या विषयात सालाशिवाय आकड्याला काही अर्थ नाही. मूळ कागद फुकट उपलब्ध आहेत, आयोगाच्या संकेतस्थळावर विषयवार मार्गदर्शिका आहे, तिच्यात प्रत्येक विषयाचा पहिल्या अहवालापासून शेवटच्या ठरावापर्यंतचा माग दिलेला आहे. इंग्रजी जड जाते ही अडचण खरी आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आणि ‘बाधा न येता’ या अर्थाची ती ठरावीक इंग्रजी कलमे मला दीड वर्ष उलटीच कळत होती. त्यावर उपाय एकच निघाला. प्रत्येक अनुच्छेद मी वहीत आधी मराठीत लिहून काढत असे. कर्ता कोण, बंधन कोणावर, आणि क्रियापद ‘करील’ आहे की ‘करावे’ आहे, हे मराठीत उतरवताना लपवता येत नाही.

संधींविषयी थोडक्यात. जिनिव्हात १९६५ पासून दरवर्षी, अधिवेशनाच्या काळातच, तरुण अभ्यासकांसाठी तीन आठवड्यांचे आंतरराष्ट्रीय कायदा चर्चासत्र भरते. जागा थोड्या असतात, शुल्क नसते, विकसनशील देशांतील काहींना शिष्यवृत्ती मिळते. नवी दिल्लीत आशियाई-आफ्रिकी विधी सल्लागार संघटनेचे मुख्यालय आहे, जी १९५६ साली बांडुंग परिषदेच्या पाठोपाठ स्थापन झाली आणि जी आयोगाच्या विषयांवर आपल्या सदस्य राष्ट्रांची मते घडवण्याचे काम करते. तिथली उमेदवारी मला जिनिव्हापेक्षा जास्त उपयोगी पडली, हे माझे वैयक्तिक मत. मुलींना एक गोष्ट सांगते, ती उत्साह वाढवायची की कमी करायची हे तुमचे तुम्ही ठरवा: १९४९ मध्ये काम सुरू झालेल्या या आयोगावर पहिल्या दोन स्त्रिया, पोर्तुगालच्या पाउला एस्कारामेया आणि चीनच्या श्युए हानछिन, निवडून आल्या त्या २००१ साली.

सुरुवात करताना चालू विषयांच्या मागे लागू नये, कारण त्यांचा पाचवा रकाना रिकामा असतो आणि नवख्याला तो भरता येत नाही. एखादा पूर्ण झालेला विषय घ्यावा, त्याचा एकच अनुच्छेद निवडावा आणि तो प्रतिवेदकाच्या पहिल्या प्रस्तावापासून अंतिम मजकुरापर्यंत चालत न्यावा. निकडीचा अनुच्छेद यासाठी उत्तम आहे: आगो यांचा १९८० चा अहवाल, मग १९९६ चा ३३, मग १९९७ चा निकाल, मग राष्ट्रांच्या प्रतिक्रिया, मग २००१ चा २५ आणि त्याचे भाष्य. महिना लागेल. मला दीड लागला होता.

सध्या माझ्या वहीत मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे पान उघडे आहे. आयोगाने ते अनुच्छेद अमेरिकेचे शॉन मर्फी प्रतिवेदक असताना २०१९ मध्ये दुसऱ्या वाचनात पूर्ण केले. पुढची पाच वर्षे आमसभेच्या सहाव्या, म्हणजे कायदेविषयक, समितीत त्यावर नुसतीच चर्चा झडत राहिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये २०२८ व २०२९ साली करारासाठी परिषद भरवण्याचे ठरले. क्रमांक, पायरी आणि भाष्य हे रकाने मी शाईने भरले आहेत, आणि पाचव्यात पेन्सिलीने लिहिते आहे.